खुंटीवरचे बिल्ले

बूट चिकटवण्याच्या त्या कारखान्यात तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे शंकासुर. हे तिला ठाऊक होतं. नाव कोणी ठेवलं तेही तिने महिनाभर खपून शोधून काढलं होतं. ज्या चष्मेवालीने ते ठेवलं तिच्याच शेजारी ती रोज डबा खायला बसायची, म्हणजे बाई नजरेखाली राहील.

संशय हा तिचा स्वभाव म्हणावा की जोडधंदा, कोण जाणे. दूधवाला मापात अंगठा बुडवतो, शिंपी उरलेलं कापड दडवतो, डॉक्टर गोड हसला की आजार मोठा असतो, आणि फुकट मिळालेल्या वस्तूत कुठेतरी पाणी मुरतंच, हे सगळं तिला पाठ. आणि खोटं कशाला बोला, दहांतल्या चार वेळा ती बरोबर निघायची. उरलेल्या सहा वेळा कोणी मोजत नसे, ती तर नाहीच नाही.

याला कारणही होतं. आई गेली तेव्हा ही सतरा वर्षांची आणि धाकटी बहीण पाच. मदत करतो म्हणत आलेल्या नातेवाइकांनी घरातली भांडी नेली, शिवणयंत्र नेलं, आणि जाताना दोघींच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. पुढे लग्न झालं, नवरा वारला, ती परत धाकटीपाशी आली. आता ताई बावन्नची, धाकटी चाळीसची, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एकाच कारखान्यात एकाच टेबलावर काम. धाकटी स्वभावाने अगदी उलट. कोणी काही सांगितलं की तिला ते खरंच वाटायचं. "ताईने दोघींपुरता संशय घेऊन ठेवलाय," ती हसत म्हणायची, "मी वेगळा कशाला घेऊ?"

टेबलावर पाच जणी. धाकटीचं काम पहिलं. थिनरमध्ये फडकं बुडवून सोल पुसायचा, मग ब्रशने त्यावर चिकटवायचं सोल्यूशन लावायचं. ते जरा वाळलं की सोल पुढे सरकायचा आणि शेवटी ताईकडे यायचा. ताई तो बुटाच्या वरच्या भागावर अचूक बसवायची आणि हातोडीने ठोकून पक्का करायची. ताईची जागा दारापाशी होती. धाकटीला थंडी सोसत नाही म्हणून ताईने चष्मेवालीशी भांडून तिच्यासाठी आतला कोपरा मिळवला होता, सोल वाळवायच्या गरम पेटीच्या बाजूचा. हिवाळ्यात खिडक्या बंदच असत, कारण गार हवेत सोल्यूशन धड पकडत नाही. सकाळी दार उघडलं की गोडसर, उग्र वास अंगावर यायचा. पाव तासात तो जायचा. गेला म्हणजे उडून गेला, असं सगळ्या जणी समजत. नाकासारखं यंत्र नाही, असं ताईचं ठाम मत होतं.

त्या हिवाळ्यात धाकटीच्या पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मुंग्यांनंतर बधिरपणा आला. हातातला ब्रश दिवसातून दोनदा सुटायचा. एका संध्याकाळी ती जिना चढून घरात आली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरा उघडा. खालच्या मजल्यावरची शेजारीण मागून दुसरी चप्पल घेऊन आली. "पहिल्याच पायरीवर राहिली होती हो तुमची," ती म्हणाली. धाकटीला कळलंच नव्हतं. ती स्वतःच हसली. ताई हसली नाही.

ताईने आधी चपलेवर संशय घेतला. मग पलंगावर, मग धाकटी डबा पुरता खात नाही यावर. एक दिवस तिला असंही वाटून गेलं की कामाचा कंटाळा आला असेल, सोंग करत असेल. त्या विचाराची तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिने त्या दिवशी धाकटीचे पाय कोमट पाण्यात धरून बराच वेळ चोळले. शेवटी ती डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? सोल्यूशनचं नाव निघताच त्यांनी लिहिणं थांबवलं. "त्यातल्या काही वाफा नसांना मारतात," ते म्हणाले. "कारखान्यातली हवा कधी मोजली आहे का?"

हवा मोजतात हेच दोघींना नवीन होतं. पण योग असा, की आठवड्याभरातच मोजणीवाली आली. बूट घेणाऱ्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने मालकांकडे हवेचा अहवाल मागितला होता. मालक फार वाईट माणूस नव्हता आणि फार चांगलाही नव्हता. आकडा जास्त आला तर टेबलावर हवा ओढून घेणारा पंखा आणि ती बाहेर सोडणारा नळ बसवावा लागेल म्हणून त्याने आधीच कारागिराकडून नकाशा काढून घेतला होता. तो गुंडाळून त्याच्या टेबलावर पडला होता, ताईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

मोजणीवाली तिशीतली, गळ्यात ओळखपत्र, हातात पेटी. तिने पाचही जणींच्या कॉलरला रुपयाएवढा गोल बिल्ला लावला. "हा दिवसभर इथेच राहू द्या, नाकाच्या जवळ," ती म्हणाली. "काढायचा नाही, झाकायचा नाही. संध्याकाळी मी घेऊन जाईन." त्या दिवशी तिला पलीकडच्या कारखान्यातही मोजणी होती. बिल्ले लावून ती घाईघाईने तिकडे निघून गेली.

ताईच्या मनात पाल चुकचुकली.

आता हे समजून घ्यायला पंधरा दिवस मागे जायला हवं. टेबलावर बोलता बोलता ताईनेच मालकांना दीडशहाणा म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी मालक आत आले आणि म्हणाले, "काय ताई, दीडशहाणा आलाय, काम दाखवा." सगळ्या जणी माना खाली घालून काम करत राहिल्या. मालकांची खोली आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याची भिंत होती. पलीकडे कोणी शिंकलं तर अलीकडे ऐकू यायचं. पण इतकं सरळ कारण शंकासुराला कसं सुचणार? टेबलावरचं बोलणं बाहेर जातंय आणि जाण्याला काहीतरी साधन आहे, एवढं तिने त्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. आणि आता हा बिल्ला. गळ्यापाशी. झाकायचा नाही.

"बायांनो," ती हळूच म्हणाली, "हवा मोजायला गळ्यातच कशाला लावायला हवा? भिंतीवर लावला असता."

चष्मेवालीने बिल्ला उलटसुलट पाहिला. "बारीक भोकं आहेत खरी."

"भोकं कशाला असतात? आवाज जायला."

"अगं ताई, ती बाई चांगली वाटली," धाकटी म्हणाली. "आणि डॉक्टरांनीही विचारलंय ना हवेचं?"

"तुला सगळेच चांगले वाटतात. काढ तो."

धाकटीने काढला. ताईने सांगितलं आणि धाकटीने केलं नाही, असं पस्तीस वर्षांत कधी झालं नव्हतं.

बाहेरच्या बोळात भिंतीवर खुंट्या होत्या. तिथे सगळ्या जणींचे स्वेटर टांगलेले असत, आणि बोळाचं दार अंगणात उघडत असल्यामुळे वारा थेट आत यायचा. ताईने पाचही बिल्ले पाच स्वेटरांच्या कॉलरला टोचले. "ऐका म्हणावं आता लोकरीचं बोलणं," ती म्हणाली आणि टेबलावर खसखस पिकली. जेवणाच्या सुट्टीत मोजणीवाली एक चक्कर मारून गेली, तेव्हा पाचही जणी अंगात स्वेटर घालून बोळात डबे खात बसल्या होत्या. सुट्टी संपली आणि स्वेटर परत खुंटीवर गेले. संध्याकाळी ती येण्याआधी बिल्ले कॉलरवर लागले. तिने फॉर्म पुढे केला: बिल्ला पूर्ण पाळीभर अंगावर होता. पाच सह्या झाल्या. शेवटची धाकटीची, कारण पेन तिच्या बोटांत नीट धरलं जात नव्हतं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. त्या वाफेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला पन्नास होती. पन्नास म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वाफेचे पन्नास भाग. पाच बिल्ल्यांवर निघाले नऊ, नऊ, आठ, नऊ, आठ. मालकांनी अहवाल नोटीस बोर्डावर लावला आणि नकाशा कपाटावर टाकला. डॉक्टरांनी अहवालाची प्रत पाहिली आणि मान हलवली. "एवढ्या हवेने हे व्हायचं नाही," ते म्हणाले. "दुसरं कारण शोधू." मग साखर तपासली, रक्त तपासलं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या झाल्या. धाकटी रोज कामावर जात राहिली. का नाही जाणार? हवा चांगली आहे असा कागदच होता. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी तिला पायाचा पंजा वर उचलता येईना. चालताना प्रत्येक पाऊल फटकन जमिनीवर पडायचं. जिना चढताना ती दोन्ही हातांनी कठडा धरायची.

ताईला झोप लागेना. या सगळ्यात कोणीतरी लबाडी केली आहे, एवढं तिला कळत होतं. आणि कोणी, तेही तिच्या मते उघड होतं. मालकांनी मोजणीवालीला खिशात घातली, आकडा खोटा लिहून घेतला. कुंपणानेच शेत खाल्लं. एका शनिवारी तिने नोटीस बोर्डावरचा अहवाल काढून पिशवीत घातला आणि पत्ता शोधत मोजणीवालीचं ऑफिस गाठलं.

दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, काचेच्या बाटल्या, एक जुनं टेबल. मोजणीवाली जेवत होती.

"मालकांनी किती दिले?" ताईने उभ्याउभ्याच विचारलं.

मोजणीवालीने डबा बाजूला सारला. "कशाचे?"

"नऊ लिहायचे. माझी बहीण पायाने अधू होत चाललीय आणि तुम्ही नऊ लिहिता? मला ते तुमचं यंत्र उघडून दाखवा. त्यात काय काय बसवलंय ते मला बघायचंय."

मोजणीवालीचा चेहरा रागाने लाल झाला होता, पण ती उठली. कपाटातून एक नवा बिल्ला काढून तिने तो नखाने उकलला आणि कागदावर उलटा केला. काळी पूड पडली.

"एवढंच?"

"एवढंच. कोळसा. हवेतली वाफ याला येऊन चिकटते. नंतर ती धुऊन काढायची आणि मोजायची. यात तार नाही, सेल नाही, काही नाही. म्हणून तर नाकाजवळ लावतो. तुमच्या श्वासात जे जातं तेच त्यात जायला हवं."

ताईने बोटाने पूड चाचपली. बोट काळं झालं. तिने बिल्ल्याचं रिकामं टरफल उजेडाकडे धरून पाहिलं, वास घेतला, कानालासुद्धा लावलं. मोजणीवाली बघत राहिली.

"वास तर तिथे येतच नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज आता निम्मा झाला होता. "सकाळी पाव तास, मग जातो."

"वास जात नाही, मावशी, नाक थकतं. वाफ तिथेच असते. आणि ही वाफ हवेपेक्षा जड. बंद कोपऱ्यात, जिथे वारा नाही, तिथे साचून राहते. तिथे कोण बसतं?"

ताईने काळं झालेलं बोट पदराला पुसलं.

मोजणीवालीने अहवाल उघडला. "खरं सांगू? मलाही हे आकडे खटकले होते. ब्रश मारणारी आणि दारापाशी बसणारी, दोघींना सारखीच वाफ कधी मिळत नाही. इथे पाचही जणी आठ-नऊवर. जणू पाच जणी दिवसभर एकाच जागी उभ्या होत्या. मी थांबून बघायला हवं होतं, ती माझी चूक. पण पाच सह्या होत्या. मी विश्वास ठेवला."

बोळातल्या खुंट्यांवर ओळीने टांगलेले पाच स्वेटर ताईच्या डोळ्यांपुढे आले. तिला तिथल्या तिथे सांगता आलं असतं, पण तिने अहवालाची घडी घातली आणि काहीतरी पुटपुटत बाहेर पडली. माणूस किती नीच होऊ शकतो बघा, जिना उतरताना तिच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की चष्मेवाली तोंड उघडेल का? दुसरा आला, तिने उघडलं तर मी नाही म्हणेन. ती रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. आयुष्यभर तिने सगळ्या जगाला तपासलं होतं. दूधवाल्याचा अंगठा तिला दिसला होता, आणि स्वतःचा हात मात्र दिसला नव्हता. धाकटीच्या कॉलरवरून बिल्ला तिनेच काढायला लावला होता. आपण तिचे पाय घालवले, असं ती मोठ्याने म्हणाली आणि रडली. येणारे जाणारे बघत होते, पण त्या दिवशी तिला त्यांचा संशय आला नाही.

घरी धाकटी खुर्चीत बसून भाजी निवडत होती. ताईने चप्पलही काढली नाही.

"त्यात कोळसा होता," ती म्हणाली. "नुसता कोळसा. ऐकणारं काही नव्हतं. मी उगीचच काढायला लावला."

धाकटीचे हात थांबले. तिला हिशेब लावायला जरा वेळ लागला. "म्हणजे डॉक्टरांना आपण जो आकडा दाखवला, तो स्वेटरचा होता?"

"हो."

"आणि मी दोन महिने तिथेच बसले."

"हो."

धाकटी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने भाजीची परात खाली ठेवली आणि भिंतीकडे बघत बसली. ताईने तिचे पाय धरले. धाकटीने ते मागे घेतले नाहीत, पण पायांना ताईचे हात लागलेले तिला कळले की नाही, तेही सांगता येत नव्हतं.

सोमवारी ताईने मालकांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. मालक अर्धा तास ओरडत होते आणि पुठ्ठ्याच्या भिंतीपलीकडे तिघी जणी एकेक शब्द ऐकत होत्या. खोट्या सह्या, गिऱ्हाईक, कारखान्याचं नाव. "तुम्हाला आत्ता काढून टाकायला हवं," मालक म्हणाले.

"काढा," ताई म्हणाली. "पण आधी मोजा."

मालकांनी मोजून घेतलं. या वेळी मोजणीवाली दिवसभर स्टुलावर बसून होती. दारापाशी ताईच्या कॉलरवर साठ निघाले. धाकटीच्या कोपऱ्यात, तिच्या जागी बसलेल्या चष्मेवालीच्या कॉलरवर एकशे सत्तर. कपाटावरचा नकाशा खाली आला. महिन्याभरात टेबलावर हवा ओढणारे नळ बसले, थिनर बदलला, गरम पेटी बाहेर गेली. ताईला मालकांनी काढलं नाही. कामात हात चांगला होता, आणि शिवाय आता तिला काढलं तर बोभाटा झाला असता. चष्मेवालीने तिला नवीन नाव ठेवलं नाही. तिने डबा मात्र दुसरीकडे नेला.

धाकटीने त्या सोमवारपासूनच काम सोडलं होतं. डॉक्टरांनी एकशे सत्तरचा कागद पाहिला. मग त्यांनी नसांची तपासणी लिहून दिली. जागा सोडल्यावरही काही महिने हे वाढू शकतं, मग हळूहळू उतरायला लागतं, असं त्यांनी सांगितलं. कोणाचं पूर्ण उतरतं, कोणाचं नाही. दोन महिने आधी कळलं असतं तर, असं त्यांनी वाक्य सुरू केलं आणि ताईकडे बघून अर्ध्यावर सोडलं.

तपासणीचा निकाल घ्यायचा दिवस आला. दवाखान्यात दोघी बाकावर शेजारी बसल्या होत्या. ताईने रात्रीच विचारायच्या गोष्टी कागदावर लिहून काढल्या होत्या. तपासणीचं यंत्र जुनं तर नाही ना, निकाल दुसऱ्या कोणाचा तर नाही ना, दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं का. धाकटीचा पुकारा झाला तशी ताई कागद सावरत उठली.

"ताई, तू बाहेर बस," धाकटी म्हणाली.

ताईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "अगं, विचारायचं खूप आहे."

"मी विचारीन. तू आत असलीस की तूच बोलतेस. माझे पाय आहेत, मला माझ्या तोंडाने विचारायचंय."

काठी टेकत ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. दार पातळ होतं. बाकाच्या या टोकाला बसलं तर आतलं बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं. ताई थोडा वेळ तशीच बसली. मग उठून बोळाच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

अर्ध्या तासाने धाकटी बाहेर आली. निकालाचा कागद तिने स्वतःच्या पिशवीत घातला होता.

"वर्ष तरी लागेल म्हणतात," ती म्हणाली. "हात सुधारतील. उजवा पायही बहुतेक सुधारेल. डावा पूर्वीसारखा होईल असं वाटत नाही."

ताईच्या ओठावर प्रश्न आला होता, कागद बघू, म्हणून. तिने तो गिळला. "मला माफ कर गं," ती म्हणाली. आतापर्यंत ती हे कितव्यांदा म्हणत होती, तिलाच माहीत नव्हतं.

"राग गेलाय, ताई. खरंच गेलाय." धाकटी काठी सरळ करत थांबली. "पण तू काही सांगितलंस की आता मला ते आधी तपासून बघावंसं वाटतं. पूर्वी नव्हतं वाटत."

ताईने प्रश्नांचा कागद घडी करून पिशवीत टाकला आणि दोघी जिन्याकडे निघाल्या. धाकटी एकेक पायरी बघून पाय ठेवत होती, आणि ताई तिच्या एक पायरी पुढे, तिच्याकडे तोंड करून उलटी उतरत होती.